दुपारची रेघ

प्रिय ठमे,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, काही झालंय का?" आणि मी म्हणालो, काही नाही, घसा बसलाय. घसा बसला नव्हता. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून हो, बरं, जेवलो, एवढंच निघतं; बाकीचं सगळं फोन ठेवल्यावर सुचतं. आई असती तर तिने फोन माझ्या हातातून काढून घेऊन दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं असतं. म्हणून पत्र लिहायला बसलो आहे. लांबेल. दवाखान्यातून घरी आल्यावर सवडीने वाच, दोन पेशंटच्या मध्ये नको. आणि मधलं सोडून शेवट आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती या वेळेपुरती बाजूला ठेव.

आधी मुद्दा सांगतो. आईचा शेवटचा शोधनिबंध संस्थेने थांबवला आहे. तिच्या शेवटच्या काही महिन्यांच्या मोजमापांत गडबड सापडली आहे आणि ती तिने जाणूनबुजून केली असावी, असं काही जणांना वाटतं. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला त्यांची समिती बसेल. तोवर दुसरं कारण सिद्ध झालं नाही, तर निबंध तिचं नाव वगळून निघेल आणि का वगळलं ते तळटीपेत एका ओळीत लिहिलं जाईल. ती ओळ मला वाचून दाखवण्यात आली. मी ती इथे उतरवत नाही.

मला हे लंबूकडून कळलं. आईचा पहिला विद्यार्थी, आपल्या दाराच्या चौकटीवर हमखास डोकं आपटून घेणारा, ज्याला तू 'शिडीदादा' म्हणायचीस. आता प्रयोगशाळा तोच सांभाळतो. एका संध्याकाळी न कळवता दारात उभा. वाकून आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी मागितलं, प्यायला, परत मागितलं. मी म्हटलं, "अरे बोल तरी, की टाकी रिकामी करूनच जाणार?" तेव्हा म्हणाला, "काका, मॅडम शेवटी शेवटी घरी काही म्हणाल्या होत्या का? आकड्यांबद्दल?" मी म्हटलं, माझ्याशी ती आकड्यांबद्दल बोलायची ती फक्त माझ्या साखरेच्या. एरवी अशा बोलण्यावर तो मोठ्याने हसतो. या वेळी त्याने पेला दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत राहिला.

थोरलीचं, म्हणजे आईच्या त्या यंत्राचं, काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी मला समजलं तसं लिहितो. चुकलं तर हस. एका बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या दोन टोकांना छोटे गोळे. बाजूला दोन मोठे, चांगले जड गोळे. मोठे गोळे छोट्यांना ओढतात, पण इतकं हलकं की तार पिळली काय आणि न पिळली काय, डोळ्याला काही दिसत नाही. तारेवर आरसा आहे, त्याच्यावरून प्रकाशाचा ठिपका परत येतो, तो किती सरकला ते यंत्र टिपतं आणि त्याची रेघ उमटत राहते. सकाळभर मोठे गोळे एका बाजूला. जेवणाच्या वेळी मोटारीने ते दुसऱ्या बाजूला न्यायचे आणि दुपारभर तिथे ठेवायचे. दोन्हींतला जो फरक, ते उत्तर. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला किती जोराने ओढते, ते मोजायचं, बस. तुझी आई म्हणायची, तूसुद्धा मला ओढतोस, सतत. मी विचारायचो, किती? ती म्हणायची, मोजण्याइतकं नाही.

मी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात काढली. माझ्या कामात नळाला पाणी आलं की लोकांना कळायचं, नाही आलं तर त्याहून लवकर कळायचं. तिचं तसं नव्हतं. तुझ्या जन्माआधीपासून ती तो एकच आकडा मोजत होती, म्हणून तर तिने त्या यंत्राचं नाव थोरली ठेवलं आणि तू धाकटी ठरलीस. "आज थोरलीला ताप आहे," असं म्हणत ती परत तळघरात जायची तेव्हा तू जमिनीवर पाय आपटायचीस. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू हलली की मोजमाप बिघडतं, म्हणून तिने जमिनीवर पिवळ्या रंगाने सगळ्यांच्या जागा आखल्या होत्या: स्टुलाची, बादलीची, आग विझवायच्या नळकांड्याची, झाडूचीसुद्धा. घरातही तेच. माझा चष्मा कपाटावर जिथे ठेवायचा तिथे तिने एकदा खडूने चौकोन काढून ठेवला होता. आणि इतकं करून तिचा आकडा बाकीच्या जगाशी जुळत नव्हता. फरक अगदी थोडा, पण तेवढ्या फरकावरून परिषदांत माणसं तिच्याकडे पाहून कशी हसायची ते तिने मला एकदाच सांगितलं होतं.

आता गडबड काय, तर गेल्या हिवाळ्यात थोरलीचा आकडा सरकू लागला आणि सरकला तो नेमका बाकीच्या जगाच्या दिशेने. निबंध तपासायला बाहेरचा जो माणूस होता त्याच्या ते लक्षात आलं. इतकी वर्षं हट्टाने एका जागी राहिलेला आकडा मरणाआधी काही महिने सगळ्यांच्या आकड्याकडे चालू लागतो, याचा अर्थ त्याने लावला तोच कुणीही लावला असता.

संचालकांनी मला बोलावलं. तू त्यांना ओळखत नाहीस, आई आजारी असताना नवे आले. माणूस वाईट नाही. स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला. म्हणाले, "आम्हाला मॅडमबद्दल आदर आहे. पण माणूस आजारी आहे, वेळ थोडा आहे, आयुष्यभर सगळ्यांशी वाद झालेला आहे. एखाद्याला वाटू शकतं, आता जुळवून टाकावं." मी म्हटलं, "ती माझ्याशीसुद्धा कधी जुळवून घेत नव्हती." ते थोडं हसले. मग त्यांनी विचारलं, आजार नक्की कधी सुरू झाला? मी सांगितलं, उन्हाळ्यात. तपासण्या तेव्हाच झाल्या, तू धावत आलीस, तू तिला "कधीपासून त्रास होतोय?" असं डॉक्टरी आवाजात विचारलंस आणि तिने "या उन्हाळ्यापासूनच गं" असं सांगितलं, ते माझ्यासमोरच. संचालकांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आकडा हिवाळ्याच्या सुरुवातीला सरकायला लागला होता. "म्हणजे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "आजारपणात हातून चूक झाली, असंही आम्हाला म्हणता येत नाही. तेव्हा त्या ठणठणीत होत्या." चहा तसाच राहिला.

खाली उतरताना लंबू म्हणाला, आलाच आहात तर मॅडमच्या वस्तू घेऊन जाता का? मी इतके दिवस टाळत होतो. तळघरात तिची छत्री होती, सपाता होत्या, कान तुटलेला कप होता. लंबू म्हणाला, स्वेटर मागच्या खोलीत असेल. थोरलीच्या खोलीच्या मागे सामान ठेवायची एक अरुंद खोली आहे, तिचं दार दुसऱ्या बोळातून उघडतं, त्यामुळे ती मागेच आहे हे लक्षातही येत नाही. पूर्वी तिथे पंप होते, आता रिकामे खोके आणि भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक. स्वेटर खुंटीला होता. आणि बाकाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, आपली उशी होती. तुझ्या खोलीतली, निळ्या चौकड्यांच्या अभ्र्याची. मी ती घरभर शोधली होती आणि तुझी आई म्हणाली होती, कापसाचे गोळे झाले होते, टाकून दिली. कापसाचे गोळे वगैरे काही झाले नव्हते. मध्ये खोल खळगा पडला होता, डोकं ठेवून ठेवून पडतो तसा.

मी म्हटलं, "ही इथे झोपत होती." लंबू म्हणाला, "छे, मॅडम? दुपारी कुणाला जांभई आली तरी त्या बाहेर काढायच्या." मी उशी त्याच्या हातात दिली. त्याने ती पाहिली, बाक पाहिला, मग भिंतीला तळहात टेकवला आणि तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्याला भोवळ येते आहे. "काका," तो म्हणाला, "या भिंतीच्या पलीकडे थोरली आहे. लागूनच." मला कळलं नाही. मी म्हटलं, अरे पण मध्ये भिंत आहे ना. तो म्हणाला, "भिंत प्रकाश अडवते, आवाज अडवते, ऊब थोडीफार अडवते. ओढ नाही अडवत. याला कुठलीच भिंत अडवत नाही. मॅडम इथे पडल्या असतील तर थोरलीला त्या खोलीतच बसल्यासारख्या." मग त्याने मला विचारलं, कधी पडत असतील? मी म्हटलं, सकाळी ती कामात असायची, जेवण झाल्यावरच पाठ टेकत असणार. लंबूने डोळे मिटून घेतले. सकाळी गोळे एका बाजूला आणि खोली रिकामी. दुपारी गोळे दुसऱ्या बाजूला आणि भिंतीपलीकडे एक माणूस, न हलता, संध्याकाळपर्यंत. फरक मोजताना तो माणूसही मोजला गेला. गोळ्यांचा क्रम मध्ये कधी बदलला असता तर चूक उघडी पडली असती, पण क्रम कधी बदलला नाही, कारण तिला क्रम बदललेला खपत नसे. "झाडूचीसुद्धा जागा आखली मॅडमनी," लंबू म्हणाला, "स्वतःची नाही आखली." आणि तो एवढा मोठा माणूस बाकावर बसून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

तिच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न मला अजून पडतो. लंबू म्हणतो, बोळातून जाणाऱ्या येणाऱ्या माणसांचा परिणाम त्यांनी सुरुवातीलाच तपासला होता. चालत्या माणसाचा फरक उरत नाही. तिथे कुणी तासन्‌तास आडवं होईल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मला वाटतं, तिला त्या वेळी फक्त पाठ टेकायची होती. घरी येऊन पडली असती तर मी विचारलं असतं. वर तिच्या खोलीत पडली असती तर लंबूने विचारलं असतं.

संचालकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उशी पतीला सापडली, एवढ्यावर समिती विश्वास ठेवणार नाही. मीसुद्धा ठेवू नये." मला राग आला. घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, त्यांच्या जागी तुझी आई असती तर हेच म्हणाली असती, आणि इतक्या गोड शब्दांत नक्कीच नाही.

म्हणून करून बघायचं ठरलं. तिच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या त्या बाकावर ठेवायच्या, गोळे सकाळी इकडे दुपारी तिकडे करायचे, पिशव्या फक्त दुपारी ठेवायच्या आणि रेघ तशीच सरकते का ते पाहायचं. नाही सरकली तर उशीची गोष्ट संपली, आणि समितीसमोर मांडायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. वजन दवाखान्यातलं घेतलं, उन्हाळ्यात पहिल्यांदा केलेलं, ते तुला माहीत आहे. लंबूने पिशव्या स्वतः भरल्या, तोलल्या. मग माझ्याजवळ येऊन घुटमळला. "काका, राग मानू नका. वाळू कुठे किती ठेवायची ते कळायला हवं. मॅडम कशा झोपायच्या?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सांगता येईना, म्हणून मी त्या बाकावर आडवा होऊन दाखवलं. डाव्या कुशीवर, भिंतीकडे पाठ, गुडघे पोटाशी, एक हात उशीखाली. लंबूने माझ्याभोवती खडूने रेघ काढली. मी उठलो आणि आम्ही दोघांनी त्या रेघेत पिशव्या मांडल्या. डोक्याची एक, पाठीची लांब, मग लहान लहान. गुडघ्यांची पिशवी त्याने जरा लांब ठेवली होती, ती मी जवळ ओढली. ती इतकी पाय पसरून कधी झोपली नाही. शेवटी उशी. लंबूने उशीचंही वजन केलं. दार ओढून घेताना मी मागे वळून पाहिलं नाही.

एका दुपारीने भागत नाही. कितीतरी दुपारी लागतात. मी रोज जायचो, पिशव्या मांडायला लंबूला हात लावायचो, संध्याकाळी उचलायला लावायचो. मधल्या वेळात आम्ही वरच्या खोलीत बसायचो, तो त्याचं काम करायचा, मी पेपर उलटसुलट करायचो. "काय रे?" म्हटलं की तो म्हणायचा, "काका, थोरलीला घाई केलेली आवडत नाही." त्याच दिवसांत तू फोन केलास आणि घसा बसल्याचं मी सांगितलं. माझी झोप उडाली होती. जुळलं नाही तर काय, याची भीती होतीच. पण जुळलं तर काय, याचीही होती, ती मी लंबूला बोलून दाखवली नाही. जुळलं म्हणजे ती हिवाळ्यापासून आजारी होती. जुळलं म्हणजे ती तुला उन्हाळा म्हणाली ते खोटं होतं.

जुळलं, ठमे. गेल्या उन्हाळ्यात रेघ जेवढी सरकायची, तेवढीच सरकली. लंबूने फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज फुटत होता. मी खुर्चीत बसून राहिलो, आनंद झाला की काय झालं ते कळेना.

पण संचालकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती नाकारता येत नाही. उन्हाळ्यातलं जुळलं, ठीक. हिवाळ्यात मात्र रेघ यापेक्षा जास्त सरकत होती. नंतर महिन्या महिन्याने ती कमी कमी सरकत गेली. लंबू म्हणतो, उघड आहे, मॅडमचं वजन उतरत होतं. संचालक म्हणाले, "असेलही. पण हिवाळ्यात त्यांचं वजन किती होतं, ते कुणाला माहीत आहे का? नाहीतर आपण हवं ते वजन धरतोय आणि हवं ते उत्तर काढतोय. मॅडमवर जो आरोप आहे, तेच आपण केल्यासारखं होईल." तेव्हा ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नव्हती. एका जुळणीला समिती योगायोग म्हणेल. दोन जुळल्या तर तिचं नाव राहील, आणि नुसतं नाव नाही. तिच्या शरीराचा भाग वजा केला की आकडा परत त्याच्या जुन्या जागी जातो, जिथे तो इतकी वर्षं जगाशी न जुळता उभा होता.

त्या दिवशी लंबूने मला अख्खी रेघ दाखवली, हिवाळ्याच्या सुरुवातीपासून ती दवाखान्यात भरती झाली तोपर्यंत. रोज दुपारी रेघेला वाक, रोज. लंबू म्हणाला, "फक्त इथे एक सपाट तुकडा आहे. बहुतेक तेव्हा यंत्र बंद असेल." तपासलं तर यंत्र चालूच होतं. मी तारखा विचारल्या. ठमे, तो तुझा आठवडा आहे. हिवाळ्यात तू राहायला आली होतीस तो. ती रोज कामावर गेली होती, तुला आठवत असेल. तू दुपारी तिला घ्यायला जायचीस आणि ती फाटकाशी येऊन उभी असायची. त्या आठवड्यात ती एक दुपारही आडवी झाली नाही. घरी येऊन तुझ्याबरोबर बुटांच्या दुकानांतून फिरली, तुझ्या खोलीतलं कपाट हौसेने सरकवलं, तू म्हणालीस, "आई, तू थकत कशी नाहीस?" आणि ती म्हणाली, "तू आपल्या पेशंटांचं बघ." तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रेघ पुन्हा वाकते आणि पुढचे काही दिवस संध्याकाळ उलटून गेली तरी सरळ होत नाही. म्हणजे मी घरी वाट पाहत होतो आणि ती अजून त्या बाकावर होती, उठवत नव्हतं म्हणून.

तू तिच्या आजारपणात मला म्हणाली होतीस, मी डॉक्टर असून मला कसं दिसलं नाही. त्यानंतर तू घरी फारशी आली नाहीस, आणि का ते मी कधी विचारलं नाही. मला आता एवढं कळलं आहे की तुला दिसू नये म्हणून तिने फार कष्ट घेतले होते. हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, मला ठरवता येत नाही. चार दिवस हे तुला कळवावं की नाही याच्यातच गेले. पण कळवल्याशिवाय मला पुढचं विचारता येत नव्हतं.

विचारायचं ते असं. तू निघालीस त्या सकाळी बाहेर टॅक्सी उभी होती, तो माणूस हॉर्न वाजवत होता, आणि विमानात बॅग जड होईल म्हणून आई बॅग हातात घेऊन घरातल्या काट्यावर उभी राहिली. माझा चष्मा सापडेना, म्हणून आकडा तू वाकून पाहिलास. मग ती बॅग खाली ठेवून नुसती उभी राहिली आणि तू परत वाकून पाहिलंस. तू म्हणालीस, "आई, तू बारीक झालीस," आणि ती म्हणाली, "मी नाही झाले, तुझी बॅग जाडी झालीये, बूट काढ त्यातले." आपण तिघं हसलो. मला फक्त वजाबाकीचं उत्तर आठवतं, कारण बूट मग मी पोस्टाने पाठवले. तिचं एकटीचं वजन काय होतं ते फक्त तू पाहिलं आहेस. हिवाळ्यातल्या रेघेवरून ते किती असायला हवं, हे लंबूने मोजून संचालकांजवळ दिलं आहे. मला सांगितलेलं नाही. म्हणाला, काका, तुमच्या तोंडावर दिसतं. संचालकांचं म्हणणं होतं, मुलीला कारण न सांगता नुसता आकडा विचारा. त्याला मी नाही म्हटलं. आईचं वजन विचारलं की तुला सगळं कळणारच होतं, आणि ते तुला तिथे एकटीला कळलं असतं. म्हणून हे सगळं लिहिलं. आता आठव. सोबत संचालकांचा पत्ता आहे, आकडा थेट त्यांना कळव, मला नको. दवाखान्यातल्या वजनावरून मागे मोजत जाऊ नकोस. आईचं नाव वाचावं म्हणून तर मुळीच काही लिहू नकोस. आठवत असेल तर जो दिसला होता तोच लिही, आणि आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. मग, उत्तर काहीही गेलेलं असो, घरी ये.

उत्तर न विचारता वाट पाहणारा,
तुझाच
बाबा